खातेपान आणि संकेतस्थळाची लिंक

रोजकीर्दीत 'खा. पा.' असा मथळा असलेला एक अरुंद रकाना असतो, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांस वेगळे सांगावयास नको. नोंद खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, तो आकडा त्या रकान्यात लिहावयाचा. आकडा राहिला म्हणून नोंद खोटी ठरत नाही. परंतु ती पडताळावयाची म्हटली की सारी खतावणी पहिल्या पानापासून चाळावी लागते. म्हणूनच जुने दिवाणजी रक्कम लिहिताना जितके सावध असत, तितकेच खातेपान लिहिताना असत. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळाविषयी आज जे चार शब्द लिहावयाचे आहेत, ते याच रकान्याविषयी आहेत.

संकेतस्थळाचे नूतनीकरण झाल्यापासून ते देखणे झाले व चपळही झाले, यात शंका नाही. पूर्वी एका पानावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक पान सर्व्हरकडून नव्याने येत असे. आता एकच सांगाडा प्रथम येतो आणि पुढचा मजकूर जावास्क्रिप्टच्या साहाय्याने आतल्या आत बदलत राहतो. या रचनेस 'सिंगल पेज अ‍ॅप्लिकेशन' म्हणतात. दुकानाची मांडणी तीच ठेवून फळीवरचा माल तेवढा बदलावा, तसा हा प्रकार आहे. बाजार आवारात नेट मंद चालते, तेथे ही पद्धत सोयीची आहे. आमचा आक्षेप पद्धतीस नाही. तिच्यात खातेपान हरवले, यास आहे.

हे हरवणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण देतो. केंद्र सरकारने 2 जून 2023 रोजी तूर व उडीद यांवर साठामर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक कडधान्याचा 200 टनांपर्यंत साठा ठेवता येत होता. 25 सप्टेंबर 2023 रोजी ही मर्यादा 50 टनांवर आणण्यात आली. संस्थेने दोन्ही आदेशांचा गोषवारा एकाच पानावर, एकाखाली एक, दिला होता. नव्या आदेशाच्या विभागाची लिंक चिटणिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तत्परतेने धाडली. परंतु लिंक उघडताच पान माथ्यावरच उघडे, आणि माथ्यावर जूनचा आदेश होता. एका सभासदाच्या दिवाणजींनी 200 हा आकडा वाचला, गोदामात तूर 120 टन होती, आणि आपण मर्यादेच्या आत आहोत असे समजून ते स्वस्थ राहिले. पुढे निपाणीच्या एका आडत्याशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला आणि चूक उमगली. मिळेल त्या भावाने माल काढावा लागला. जीवनावश्यक वस्तू अधिनियम 1955 अन्वये साठामर्यादेचा भंग झाल्यास माल जप्त होऊ शकतो आणि कारावासही घडू शकतो. त्या मानाने भावातली खोट सोसणे परवडले, एवढेच म्हणावयाचे.

दोष कोणाचा? दिवाणजींनी खाली सरकून पाहावयास हवे होते, हे खरे. परंतु ज्यास नेमक्या जागेचा पत्ता दिला आहे, तो ती जागा शोधीत बसत नाही. जेथे पोहोचलो तीच ती जागा, असे तो धरून चालतो.

असे का घडते, हे आम्ही जाणत्या तरुणांकडून समजावून घेतले. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. त्या जाळ्याच्या आरंभकाळापासून पत्त्याच्या शेवटी हॅशचे चिन्ह घालून विभागाचे नाव जोडण्याची सोय आहे. हा भाग सर्व्हरकडे जातच नाही. पान आल्यावर ब्राउझर स्वतःच त्या नावाचा विभाग शोधतो आणि तो डोळ्यांसमोर आणतो. नव्या रचनेत ब्राउझर शोध घेतो त्या वेळी हाती केवळ रिकामा सांगाडा असतो. मजकूर मागाहून येतो, तोवर ब्राउझरचा शोध संपलेला असतो, आणि वाचक माथ्यावरच राहतो. गाडी येण्यापूर्वीच हमाल घरी गेला, तर माल उतरविणार कोण? म्हणून मजकूर आल्यानंतर त्या विभागापाशी नेण्याचे काम संकेतस्थळ करणाऱ्याने मुद्दाम लिहावे लागते. ते अवघड नाही. केवळ विसरले जाते.

आणखीही काही खाचखळगे आहेत. काही रचनांत हॅशचे चिन्ह पानाच्या नावासाठीच खर्ची पडलेले असते, मग विभागासाठी निराळी योजना करावी लागते. कोठे वाचक योग्य ठिकाणी पोहोचतो, परंतु वरची स्थिर पट्टी नेमके शीर्षकच झाकून टाकते. कोठे चित्रे मागाहून येतात आणि मजकूर खाली ढकलतात, त्यामुळे आलेली जागा पुन्हा निसटते. चित्रांसाठी उंची आधीच राखून ठेवली म्हणजे हे टळते. कोठे विभाग मिटलेला असतो आणि लिंकेने आलेल्या माणसासही तो उघडून मिळत नाही.

विभागास नाव कसे द्यावे, हाही विचाराचा विषय आहे. 'विभाग तीन' असे नाव दिले आणि पुढे मध्येच एक विभाग वाढला, तर कालची लिंक आज भलत्या दारी जाते. नाव वस्तूवरून द्यावे, आणि एकदा दिले की बदलू नये. ते रोमन अक्षरांत आखूड ठेवणे सोयीचे; कारण देवनागरी नावे पत्त्यात सांकेतिक चिन्हांत रूपांतरित होतात आणि 'गहू' एवढ्या लहान शब्दाची तेथे 27 चिन्हे होऊ शकतात. मातृभाषेचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु तो शीर्षकात दाखवावा. बारदानावरची खूण आखूडच बरी.

कित्येक म्हणतील, 'एवढा खटाटोप कशास? आकडाच निरोपात लिहून धाडावा.' आकडा अवश्य लिहावा. तथापि निरोप पुढे धाडताना आकडे बदलतात, अर्धवट उतरतात, आणि जुने निरोप महिन्यांनंतर पुन्हा फिरू लागतात. मूळ आदेश डोळ्यांनी पाहावयाची वाट मोकळी असली पाहिजे, आणि ती वाट म्हणजेच लिंक होय. दुसरे म्हणतील, 'प्रत्येक आदेशास स्वतंत्र पान करावे.' हा उपाय चांगला आहे. परंतु दोन आदेश शेजारी ठेवून फरक पाहण्याची सोय त्याने जाते. आम्हांस एकच पान हवे, आणि त्यात खातेपानही हवे.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी की, संकेतस्थळाच्या कामाचे पुढील बिल चुकते करण्यापूर्वी आपण धान्याचा नमुना पारखतो तशी त्याची पारख करावी. त्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही. विभागाची लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर धाडून उघडून पाहावी. पान ताजे करून पाहावे. आतल्याच एका पानावरून त्या विभागाकडे जाऊन पाहावे. मागे येण्याची कळ दाबली असता पूर्वीच्याच जागी परततो की माथ्यावर, हे पाहावे. शीर्षक पट्टीखाली झाकले जात नाही ना, हे पाहावे. आणि ज्यांस दिसत नाही ते बांधव मोबाइलकडून मजकूर वाचवून ऐकतात. त्यांच्यासाठी वाचन त्याच विभागापासून सुरू होते की माथ्यापासून, हेही तपासावे. या सहा कसोट्यांस उतरेल तोच माल घ्यावा.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये कमी-अधिक मापांचा व्यवहार गणला आहे. चुकलेली लिंक हे काही मापातले पाप नव्हे; तीत कोणाची लबाडी नसते. परंतु जे सांगितले तेच समोरच्याच्या हाती पडावे, ही जी सावधगिरी आपल्या वाडवडिलांनी तागडीच्या काट्यापाशी पाळली, तीच आता पत्त्यापाशीही पाळावी लागेल. पूर्वी गिऱ्हाईक आपल्या दारी येत असे; आता लिंक त्यास आपल्या दारी आणते. दारापर्यंत आणून त्यास ओसरीवर भटकत ठेवणे आपल्या पेढ्यांच्या रीतीस शोभत नाही. सूचनेचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.