सातासमुद्रापलीकडचा पिठलं-भात

पिठलं-भाताशी माझं वैर नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं न वाचताच काही सज्जन मला वाळीत टाकून मोकळे होतील. पिठलं-भात हे पूर्णब्रह्म आहे, वर कच्चा कांदा फोडला तर पूर्णाहूनही थोडं अधिक. माझं भांडण आहे ते निराळ्याच माणसाशी. माणशी काही लाख रुपये मोजून, विमानात गुडघे हनुवटीला टेकवून, जर्मनीतल्या काळ्या जंगलापर्यंत जायचं आणि तिथे पार्किंगच्या जागेत उभ्या उभ्या कागदी बशीतला पिठलं-भात खाऊन “आहाहा, अगदी घरच्यासारखं!” म्हणायचं, असं करणाऱ्या माणसाशी. घरच्यासारखंच हवं होतं, तर घर काय वाईट होतं? तिथे निदान बसायला खुर्ची होती.

हे काळं जंगल, म्हणजे श्वार्त्सवाल्ड, जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. फ्रायबुर्ग शहरातून डोंगराकडे निघालं की पायथ्याशी हिमेलराइख नावाचं ठिकाण लागतं. हिमेलराइख म्हणजे स्वर्गाचं राज्य. तिथून पुढे जी अरुंद घळ सुरू होते तिचं नाव ह्योलेनटाल, म्हणजे नरकाची दरी. स्वर्गाला लागून लगेच नरक, आणि मधे साधी जकातसुद्धा नाही. 1770 साली ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत लग्नासाठी फ्रान्सला निघाली, तेव्हा तिच्या गाड्यांच्या तांड्यासाठी या दरीतला रस्ता मुद्दाम सुधारून घेतला होता. बडी मंडळी यायची असली की रस्ता दुरुस्त होतो, हा शोध काही आपल्या नगरपालिकांचा नव्हे, एवढं समाधान यातून मिळतं.

घाट चढताना घोड्यांना दम लागायचा आणि गाडीवानाला भूक. त्या भुकेपोटी अशा रस्त्यांच्या कडेला ज्या खाणावळी उभ्या राहिल्या त्यांना गास्टहाउस म्हणतात. शब्दशः अर्थ, पाहुण्यांचं घर. खंडाळ्याचा घाट चढून गाडी थांबली की आपले पाय जसे आपोआप बटाटेवड्याकडे वळतात, तशीच ही भूक. मोठं थोरलं उतरतं छप्पर, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आत गुळगुळीत झालेली लाकडी बाकं, भिंतीवर एखाद्या दुर्दैवी हरणाची शिंगं. दारात एक पाटी, तीवर खडूने लिहिलेला आजचा बेत.

आपल्या सहलीची बस अशा दारापाशी थांबते. अर्धा तास! कार्यक्रम ठरलेला असतो. कुंड्यांसमोर फोटो. मग खाणावळीचं स्वच्छतागृह. मग शेजारच्या दुकानात कुकू घड्याळाचा भाव पाडायचा निष्फळ प्रयत्न. मग पार्किंगमध्ये डबे उघडतात, चिवड्याची पाकिटं फुटतात, लोणच्याचा वास थेट देवदारांच्या शेंड्यांपर्यंत जातो, आणि खाणावळीची मालकीण दारात उभी राहून हे बघत असते. तिच्या घरातलं सगळं आपण वापरतो. फक्त चूल सोडून.

या मंडळींचे मुद्दे मला आता पाठ झाले आहेत. एकेक घेतो.

मुद्दा पहिला: “अहो, आपल्यासारख्या शाकाहाऱ्याला तिथे खायला मिळतं काय?” माझी भाची फ्रायबुर्गला शिकते. तिने आम्हा दोघांना याच रस्त्यावरच्या एका खाणावळीत नेलं होतं, तेव्हा मी हे पुराव्यानिशी बोलतोय. मेनूकार्ड जर्मनमध्ये. एकेक शब्द एवढा लांब, की वाचून होईपर्यंत भूक मरावी.

“मामा, मांस नको ना तुला? मग ब्रेगेले आणि बिबेलेसकेस घे.”

“हे पोटात घ्यायचं की बाहेरून लावायचं?” आमच्या हिने विचारलं.

“मामी, ताट आलं की बघ तू.”

ताट आलं. ब्रेगेले म्हणजे काय असावं? बटाट्याच्या काचऱ्या! शुद्ध, सात्त्विक, कडेने खरपूस झालेल्या काचऱ्या. आणि बिबेलेसकेस म्हणजे वाटीभर चक्का, त्यात बारीक चिरलेला कांदा आणि कांद्याच्या पातीची नाजूक चुलतबहीण. वर मीठ, मिरपूड. पूर्वी म्हणे हा चक्का कोंबडीच्या पिल्लांना चारायचे, म्हणून हे नाव पडलं. हिने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, “या तर आपल्याच काचऱ्या. नुसती हळद विसरली बाई.”

आता सावध राहायला हवं हे खरं. बटाट्यात आणि कोबीत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची त्या लोकांना खोड आहे, आणि त्याला ते मांस न समजता फोडणी समजतात. पण त्यावर ‘ओने श्पेक’ हे दोन शब्द पाठ करणं हा उपाय आहे. श्पेक म्हणजे तेच ते तुकडे, आणि ओने म्हणजे ‘शिवाय’. काचऱ्या कशात परतल्यात तेही विचारून घ्यावं. अंडं चालत असेल तर केझेश्पेट्सले घ्यावं: पिठाच्या बोटभर शेवया, त्यात वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा. ज्या माणसाला परदेशी जाण्यापूर्वी व्हिसाच्या अर्जाचे सगळे रकाने भरता येतात, त्याला दोन शब्द पाठ होत नाहीत, हे मला पटत नाही.

मुद्दा दुसरा: “त्यांच्या जेवणाला चवच नाही. तिखट म्हणून नाही.” या मुद्द्यावर मला जरा इतिहासात शिरावं लागणार, त्याला इलाज नाही. ज्या मिरचीच्या जोरावर आपण जगाला अळणी ठरवतो ती मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज लोकांनी ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आणली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात आळंदीत कोणाच्याही घरी ठेचा होत नव्हता. बटाटाही अमेरिकेतलाच आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज. तिकडे जर्मनीतसुद्धा बटाटा असाच उपरा. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला 1756 साली हुकूम काढून शेतकऱ्यांना तो लावायला सांगावं लागलं. आज पोट्सडामला त्या राजाच्या थडग्यावर लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. तेव्हा आपली मिरची आणि त्यांचा बटाटा, दोन्ही एकाच गावचे पाहुणे. आपण एकाला घरजावई करून घेतलं, त्यांनी दुसऱ्याला. यात कोणी कोणाला नाक मुरडावं?

आणि नाक मुरडायचंच असेल तर त्यांची मोहरी आहे. वाटलेल्या मोहरीचा तो गोळा बोटभर जिभेवर ठेवा. त्याहून जहाल, मेरेटिश नावाचं एक पांढरं मूळ किसून देतात. आमच्या टेबलाशेजारी बसलेल्या एका काकांनी “हे काय मुळ्याची कोशिंबीर का?” म्हणून त्याचा चमचाभर तोबरा भरला. पुढची पाच मिनिटं ते कोणत्याच राष्ट्राच्या स्वयंपाकाविषयी मत व्यक्त करू शकले नाहीत.

हे जेवण असं का, तेही बघायला हवं. चढावरची शेतं, आखूड उन्हाळा, लांबलचक बर्फ. तिथे गवत होतं, म्हणून गाय, म्हणून चक्का. बटाटा होतो. कोबी होतो, पण हिवाळाभर टिकत नाही, म्हणून तो मिठात मुरवून आंबवायचा. आपल्या आज्या बरण्यांमध्ये जे करत होत्या तेच. त्या आंबट कोबीची पिंपं कॅप्टन कुकने 1768 च्या सफरीत जहाजावर नेली होती, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. मांस टिकावं म्हणून ते देवदाराच्या धुरावर धरायचं. या ताटात डोंगर असतो, हवा असते आणि पोटाची काळजी असते. आपली नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी दुसरं काय सांगते? ज्याला कोकणातल्या भाकरीचं कौतुक आहे त्याला हे ताट परकं वाटायला नको.

मुद्दा तिसरा: “महाग पडतं हो.” पडतं. पण हे वाक्य बोलणाऱ्याच्या काखोटीला बहुतेक वेळा एक कुकू घड्याळ असतं. त्या घड्याळाच्या पैशात सगळं कुटुंब दोनतीनदा पोटभर जेवलं असतं. आणि घरी आल्यावर तो पक्षी दर तासाला ओरडतो आणि आठ दिवसांत त्याचं तोंड बंद केलं जातं. गंमत म्हणजे हीच मंडळी पुण्या-मुंबईत नातवाच्या वाढदिवसाला दरवर्षी ‘ब्लॅक फॉरेस्ट’ केक आणतात. जर्मनीत या केकला नियम आहे. त्यात चेरीपासून गाळलेल्या किर्शवासर दारूची चव लागली पाहिजे, नाहीतर ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे साखरेच्या पाकातली लाल चेरी वर बसवली की नाव लागतं. आयुष्यभर नक्कल खाल्ली आणि अस्सल जिथे मिळतो त्या दारात उभं राहून चिवडा खाल्ला, याला काय म्हणावं?

मुद्दा चौथा: “वेळ नसतो.” इथे मात्र मी थोडा नरमतो, कारण हा गुन्हा सहल आखणाऱ्यांचा आहे. आणि जर्मन माणूसही कमी नाही. दुपारी दोनला त्याची चूल विझते ती संध्याकाळीच पेटते. आपण तीनला पोचतो. आठवड्यातला एक दिवस दारावर ‘रूहेटाग’, म्हणजे विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी उपाशी पाहुणा मेला तरी दुसऱ्या दिवशी मरावं. साधं पाणी मागितलं तर बुडबुड्यांचं येतं आणि बिलात लागतं. कोपऱ्यातलं एक मोठं टेबल रिकामं असलं तरी तिथे बसायचं नाही, ते गावातल्या नेहमीच्या मंडळींचं. (हे मात्र आपल्याला समजायला हवं; आपल्या कट्ट्यावरही परक्याला जागा नसते.) बिलाच्या वेळी तर ती बाई सरळ विचारते, “एकत्र की वेगवेगळं?” आपल्याकडे एवढ्या प्रश्नावर सोयरिकी मोडल्या आहेत.

पण ताट उचलताना तीच बाई आणखी एक प्रश्न विचारते: “आवडलं का?” आणि उत्तराची वाट बघत थांबते. स्वयंपाक तिच्या घरच्यांनी केलेला असतो. दोन दोन, तीन तीन पिढ्या एकाच चुलीशी घालवलेली अशी घरं या डोंगरांत आहेत. होती, म्हणायची वेळ येत चालली आहे. मुलांना हा धंदा नको, कामाला माणसं मिळत नाहीत, मोटारी न थांबता पुढे जातात. काळ्या जंगलातल्या घाटरस्त्यांवर जुनी नावाजलेली हॉटेलं फळ्या ठोकून ओस पडलेली दिसतात. खाणावळींच्या या मरणाला जर्मन भाषेत वेगळा शब्दच तयार झाला आहे. आणि आपण पन्नास पन्नास जण बस भरून जातो, तिच्या फुलांपुढे फोटो काढतो, तिच्या नळाला हात धुतो आणि डबा संपवून निघून जातो. पाहुण्याला देव मानणारी माणसं ना आपण? मग पाहुणा होताना देवाने जरा ताटावर बसावं की नाही? परगावच्या कोणी आपल्या ओसरीवर बसून स्वतःचा डबा खाल्ला असता, तर आपल्या आजीने पिढ्यान्‌पिढ्या ती गोष्ट सांगितली असती.

ज्यांना पथ्य आहे, ज्यांचं वय झालं आहे, ज्यांचा उपास आहे, त्यांनी खुशाल डबा खावा. त्यांच्याशी माझा वाद नाही. बाकीच्यांना डबा उघडण्याची फारच उबळ आली, तर जर्मनीतच तिची सोय आहे. या डोंगरांतून पूर्वेला बव्हेरियात जावं. तिथल्या राजाने 1812 साली बिअरवाल्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून लोक घरून खाणं आणून तिथल्या झाडांखाली बसतात, आणि अशा बागांतून आजही तो हक्क आहे. तिथे दशम्या सोडा, मेतकूट काढा, कोणी हूं म्हणणार नाही. बिअर चालत नसेल तर सफरचंदाचा रस घ्या. पण प्यायला काहीतरी त्यांचं घ्या.

माझी मागणी फार नाही. पंधरा दिवसांच्या सहलीत एक दुपार. रस्त्याकडेची एक खाणावळ, दोनच्या आत. सहलवाल्याला आधीच सांगून ठेवा. पन्नास जणांनी एकदम मागितलं तर त्याला थांबावं लागेल. न आवडलं तर तसं सांगायचा हक्क तुमचा. पण खाऊन मग सांगा. आणि पिठल्याची काळजी करू नका. ते कुठे पळून जात नाही. पंधरा दिवसांनी घरी येऊन, पाय धुऊन, पानावर बसल्यावर ते जसं लागतं, तसं त्या पार्किंगमध्ये जन्मात लागायचं नाही.