आधी दिले, मग मागितले

भारत-आसियान वस्तुव्यापार करार १३ ऑगस्ट २००९ रोजी झाला. पामतेल, चहा, कॉफी आणि मिरी यांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटवण्याचे भारताने मान्य केले; केरळचा विरोध व्यर्थ ठरला. भारताचे खरे बळ सेवांत : संगणक अभियंते, लेखापाल, परिचारिका. त्यांचा करार मात्र २०१५च्या जुलैत अमलात आला. तोवर हुकमाचा एक्का खेळून झाला होता! शिवाय जकात सरकार घटवू शकते. व्यवसायाचा परवाना त्या त्या देशाच्या व्यावसायिक मंडळाच्या हाती असतो. आसियान देशांनी परिचारिकांच्या पात्रतेला परस्परमान्यता देण्याचा करार २००६ साली केला, तरी थायलंडची परवाना-परीक्षा थाई भाषेतच राहिली. आपसांत ही गत, तर भारतीय परिचारिकेला दार कोण उघडणार? २०१९मध्ये भारताने आरसेपकडे पाठ फिरवली, तेव्हा हा अनुभव ताजाच होता.