घर दाखविणारा आणि घर तपासणारा

चाकण-तळेगाव रस्त्यावरील महाळुंगे परिसरात कारखाने आले आणि त्यांच्यामागे कामगारांची वस्ती आली. मराठवाडा-विदर्भातून आलेला कामगार दहा-पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत काढतो. मग पीएफ काढून, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन वन बीएचके घेतो. हे घर त्याला दाखवितो कोण? एजंट. आणि तपासतो कोण? कोणीच नाही!

अमेरिकेत खरेदीपूर्वी स्वतंत्र तपासनीस बोलाविण्याची रीत आहे. एजंट दार उघडून देतो, तपासनीस छत, भिंती, वायरिंग, नळ पाहून अहवाल देतो आणि त्यावर एजंट दुरुस्तीची वा किमतीची बोलणी करतो. पण तेथेही प्रश्न उरतोच. तपासनीस एजंटाने सुचविलेला असेल तर त्याचा अहवाल कोणाच्या बाजूचा? कारण एजंटाला दलाली मिळते ती व्यवहार झाला तरच.

आपल्याकडे अशा तपासणीची सक्ती नाही. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे घर चोख’ हा तर मोठा भ्रम आहे. बँकेचा मूल्यांकनकार बँकेचा पैसा सुरक्षित आहे की नाही ते पाहतो. तुमच्या भिंतीची ओल पाहणे हे त्याचे काम नव्हे.

कायदा मात्र आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० नुसार एजंटाने नोंदणी नसलेला प्रकल्प विकता कामा नये आणि बुकिंगच्या वेळी सर्व कागदपत्रे ग्राहकाला मिळवून दिली पाहिजेत. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना परीक्षाही सक्तीची केली. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पण दोष ओळखणारच कोण? शिवाय पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. गरीब माणूस अशाच इमारतीत अडकतो.

जमिनीचेही तेच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ ची नोंद असेल तर सावध झाले पाहिजे. महार वतनाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकली गेली, तर मूळ वतनदारही लुबाडला जातो आणि घर घेणारा गरीबही.

म्हणून एजंटाने दार उघडावे, कागद द्यावेत. तपासणारा मात्र आपला असावा, त्याची फी आपण द्यावी आणि अहवाल आपल्या हाती यावा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर एकाच इमारतीत घर घेणाऱ्या दहा कुटुंबांनी मिळून सिव्हिल इंजिनिअर आणि वकील लावावा. शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनिअर-वकील झालेली मुले आज आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास या कामाला दिले, तर कित्येक संसार फसवणुकीतून वाचतील. वीस वर्षे हप्ते आपणच भरणार आहोत. मग बुकिंगचा चेक देण्याआधी प्रश्न विचारायला लाजायचे कशाला?