दोन प्रकारचं ‘नाही’

जुनी वस्तू माळ्यावरून खाली आली की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, “भंगारात द्या, कशाला अडगळ!” आणि दुसरा, “जपून ठेवा हो, आता असलं मिळत नाही.” गंमत अशी, की दोघांपैकी कुणीच ती वस्तू उघडून पाहिलेली नसते. तिसरा सल्ला असतो, तिला कामाला लावा. पण तो सहसा कुणी देत नाही, कारण त्यासाठी आधी ती वस्तू समजून घ्यावी लागते. आज मला या तिसऱ्या सल्ल्याची बाजू मांडायची आहे. निमित्त आहे एका जुन्या फ्लॅशचं.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील लग्नाचे फोटो काढत. तेव्हाच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, एस.टी.ने पैठण, अंबड, जालन्यापर्यंत जायचे. ते गेले, कॅमेरा कधीच विकला गेला, फ्लॅश मात्र ट्रंकेत राहिला. आता त्यांच्या नातीला फिल्मवर फोटो काढायचा नाद लागला आहे. तिने मिनोल्टाचा 1990 च्या दशकातला ऑटोफोकस कॅमेरा जुन्या बाजारातून मिळवला आणि आजोबांचा फ्लॅश त्यावर लावायचा म्हणाली. एका दुकानात तिला सांगितलं, “हा ह्यावर बसत नाही. आणि बसवला तर कॅमेरा जळेल. टाकून द्या.” ती हिरमुसून माझ्याकडे आली. मी मराठी माध्यमातला बी.ए., विज्ञानाशी माझा संबंध ओळखीपुरता. पण भाषेच्या मास्तरला एक गोष्ट खटकली. दुकानदाराने एका दमात दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. ‘बसत नाही’ आणि ‘जळेल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत.

आधी ‘जळेल’ बघू. फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल घातले की होतात जेमतेम 6 व्होल्ट. आतलं सर्किट ते वाढवून 300 च्या आसपास नेतं आणि एका कपॅसिटरमध्ये साठवतं. चालू केल्यावर जो बारीक ‘कुंईऽऽ’ आवाज येतो, तो ह्याचाच. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की एका छोट्या कॉइलमधून काही हजार व्होल्टचा झटका झेनॉन वायूच्या नळीला बसतो आणि साठवलेली सगळी वीज क्षणात नळीतून जाऊन उजेड पडतो. जुन्या फ्लॅशमध्ये हा झटका सुरू करणाऱ्या तारेवरच 200 व्होल्टच्या वर दाब असू शकतो, आणि ती तार थेट कॅमेऱ्यात जाते. जुन्या कॅमेऱ्यात तिथे पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, त्यांना काय फरक पडतो! पुढच्या कॅमेऱ्यांत पट्ट्यांच्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच आले. आयएसओ 10330 या मानकाप्रमाणे तिथे 24 व्होल्टपर्यंतचा दाब चालायला हवा. दोनशे चोवीस नव्हे, नुसता चोवीस! म्हणजे दुकानदाराची ही भीती खरी होती. हे ‘नाही’ म्हणजे ‘मला झेपणार नाही’. अशा ‘नाही’चा मान ठेवावा.

आता ‘बसत नाही’. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवण्याची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत तिचं माप एकच होतं. मिनोल्टाने 1985 साली आपला 7000 हा गाजलेला ऑटोफोकस कॅमेरा आणला, त्यावरही हीच खाच होती. मग 1988 साली कंपनीने नव्या मालिकेत खाचेचा आकारच बदलला. नवा शू चटकन सरकतो, खट्‌कन अडकतो, स्क्रू पिळावा लागत नाही, हे कबूल. पण मधल्या तीन वर्षांत कंपनीनेच विकलेले फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. मग कंपनीनेच एफएस-1100 नावाचा अडॅप्टर काढला. तो लावला की तेच फ्लॅश नव्या फिल्म कॅमेऱ्यांवर चालू लागले. म्हणजे भाषा तीच होती, फक्त दाराचं कुलूप बदललं होतं! पुढे 2006 साली मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा धंदा सोनीकडे गेला, आणि 2012 मध्ये सोनीने पुन्हा जुन्या मापाचीच खाच आणली. चोवीस वर्षं फिरून गाडी मूळ ठिकाणी. हे ‘नाही’ म्हणजे ‘मी चालू देणार नाही’. अशा ‘नाही’चा मान ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. औरंगपुऱ्याकडे एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी फ्लॅश चालू केला, तयारीचा दिवा लागू दिला आणि मधला टिकला व कडेची पट्टी यांना मल्टिमीटर लावला. आकडा दोनशेच्या पुढे गेला. नावावरून अंदाज बांधू नका, मोजा, असं ते म्हणाले ते योग्यच होतं. विविटार 283 या एकाच मॉडेलचे जुने नग जास्त दाबाचे आहेत आणि नंतरचे कमी दाबाचे. मग त्यांनी सेल काढले, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा केला (सेल काढले तरी तो भरलेला राहतो आणि जीवघेणा धक्का देऊ शकतो, म्हणून हे काम घरी मुलांनी करायचं नाही!) आणि आत एक एससीआर बसवला. आता मोठा दाब फ्लॅशच्या पोटातच राहतो, कॅमेऱ्याला फक्त इशाऱ्यापुरते दोन-चार व्होल्ट दिसतात. पुन्हा मोजून खात्री केली, खाचेसाठी साधा अडॅप्टर आणला, काम झालं. खर्च एका रोलपेक्षा कमी.

मात्र जुळवून घेताना दोन्ही बाजूंना थोडं सोडावं लागतं. हा फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलत नाही. लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश वेळेवर तोडण्याची सोय गेली. अंधारात फोकससाठी लाल प्रकाश टाकण्याची सोय त्याच्याकडे नव्हतीच, म्हणून फोकस हाताने करायचा. शटर 1/60 वर ठेवायचं. आणि थोडं गणित करायचं: फ्लॅशचा गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर, की आलं छिद्र. नंबर 28 असेल आणि माणूस 5 मीटरवर असेल तर 5.6, साडेतीन मीटरवर असेल तर 8. फिल्म 100 ऐवजी 400 ची घातली तर नंबर दुप्पट. हे भागाकार त्या मुलीला आता पाठ झालेत. संध्याकाळी बिबी का मकबऱ्यासमोर लांबून फ्लॅश मारणारे पर्यटक पाहून तिला हसू येतं. 28 ला 100 ने भागून पाहा, तेवढ्या छिद्राची लेन्स कुठे मिळते ते मलाही सांगा!

मला हीच कमाई मोठी वाटते. सगळं आपोआप करणाऱ्या फ्लॅशने तिला फोटो दिले असते. ह्याने उजेड अंतराबरोबर कसा विरतो हे दिलं. तिच्या आजोबांना हे हिशेब तोंडपाठ असणार, मांडवात कागद-पेन्सिल कोण काढतो? नात त्यांची वस्तू वापरते आहे यापेक्षा ती त्यांची विद्या वापरते आहे, याचं मला अप्रूप आहे. वस्तू ट्रंकेत जपता येते. विद्या मात्र वापरली नाही की एका पिढीत संपते.

काही जण म्हणतील, नवा फ्लॅश घेतला असता तर एवढा उपद्व्याप कशाला? ज्याला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत त्याने जरूर नवा घ्यावा, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. प्रत्येक जुनी वस्तू वाचवावी असंही मी म्हणत नाही. कपॅसिटर फुगला असेल, नळी गेली असेल, तर भंगारवाला आहेच. पण निर्णय उघडून पाहिल्यावर व्हावा. आणि असं उघडून पाहणारे हात आपल्या शहरात कमी होत चाललेत, ही मला खरी काळजी वाटते. ते गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. आपण सगळ्यांनीच दुकानातलं पहिलं ‘नाही’ ऐकून घरी परतायची सवय लावून घेतली, तर त्यांच्या बाकावर बसायला कुणी कशाला येईल?

तेव्हा कुणी ‘नाही’ म्हणालं तर एवढंच विचारा: झेपणार नाही, की चालू देणार नाही?