संदर्भांची संख्या हा पुरावा नव्हे

संपादक महोदय,

ज्या शोधनिबंधाचा दाखला सर्वाधिक दिला जातो तो विश्वासार्ह, हे आपल्या गेल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन वैद्यकात तरी घातक आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले. अफूवर्गीय औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाची जेमतेम ४ उदाहरणे आढळली, एवढाच त्याचा आशय. हे सारे रुग्ण इस्पितळात दाखल होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी याच नियतकालिकात हिशेब मांडला. पत्राचा दाखला देणाऱ्या ६०८ लेखांपैकी ४३९ लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि ४९१ लेखांनी रुग्ण दाखल होते ही बाब गाळली होती. उत्तर अमेरिकेतील ओपिऑइड (अफूवर्गीय औषधांच्या) संकटाला या समजुतीने हातभार लावला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

चुका कालांतराने आपोआप दुरुस्त होतात, असे लेखक म्हणतात. इथे त्या हिशेबालाच ३७ वर्षे लागली, आणि दरम्यान गोळ्या लिहून दिल्या जात होत्या. संख्येवरून लेख किती वापरला गेला हे कळते, एवढे मान्य. पण खंडनासाठी दिलेला संदर्भही त्याच बेरजेत पडतो, याचा लेखात उल्लेखही नाही. नियुक्ती आणि बढतीसाठी हीच बेरीज सुचवणे म्हणजे मूळ मजकूर न वाचण्याला बक्षीस देणे होय.

कळावे.

— एक वाचक