घारीचं प्रॅक्टिकल

संक्रांतीनंतर पेपरात एक फोटो हमखास येतो. मांज्यात अडकून जखमी झालेली घार, उपचारांनंतर तिला सोडायला जमलेले पाच-सहा जण, मधोमध कुणीतरी पाहुणे आणि सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. माझा आक्षेप फोटोला नाही, काढोत बापडे! आक्षेप आहे तो 'बरी झाली, दिली सोडून' या समजुतीला. जखम भरणं वेगळं आणि घार सोडण्यालायक होणं वेगळं.

आपल्याच भाषेत बोलायचं तर, घारीचं वजन साधारण किलोच्या आत आणि पसरलेले पंख दीड मीटरच्या आसपास. एवढ्याशा वजनाला एवढं क्षेत्रफळ, म्हणून ती पंख फारसे न हलवता वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत राहते. मांजा अनेकदा कापतो तो पंखाच्या पुढच्या कडेचा, खांदा आणि मनगट यांच्यामधला कातडीचा पडदा. त्याच्या कडेने एक टेंडन जातो. पडदा शिवता येतो, टाके सुकतात. पण टेंडन तुटला असेल किंवा कातडी आखडली असेल तर पंख पुरता उघडत नाही. पिंजऱ्यात मात्र अशी घार ठणठणीत दिसते. खाते, डोळे वटारते, हात लावला की बोचकारते. या परीक्षेत आमचं अर्धं हॉस्टेल डिस्टिंक्शनमध्ये पास होईल!

खरं प्रॅक्टिकल पुढे असतं. आधी मोठ्या जाळीच्या खोलीत, काही ठिकाणी पायाला लांब दोरी बांधून मैदानात तिला उडवून बघतात. जमिनीवरून स्वतः उठते का, वळताना एका बाजूला झुकते का, चार फेऱ्यांत धाप लागते का. पिसांचीही तपासणी होते. पीस म्हणजे नखासारखं निर्जीव. मधेच मोडलं तर ते झडून नवं येईपर्यंत थांबावं लागतं. नाहीतर जाणकार मोडक्या पिसाची नळी कापतात, तिच्यात बांबूची बारीक काडी बसवतात आणि त्याच जागेचं गळलेलं पीस जोडतात. ससाणे पाळणाऱ्यांची ही शेकडो वर्षांची युक्ती. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला डॉवेल जॉइंटच की!

दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ कित्येक वर्षं घारींवर उपचार करत आले आहेत. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. घरात साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदा आणि त्याच जागेत खोक्यांतून घारी. जमलं तर नक्की बघा, त्यात हारतुरे कुठे नाहीत.

आणि नापास झालेल्या घारीचं काय? इथेच सगळे गप्प होतात. अर्धवट उडणारी घार सोडली की ती झाडाआड जाते, टाळ्या वाजतात आणि पुढे काही दिवसांत ती उपाशी मरते. ते बघायला कुणी नसतं. त्यापेक्षा तिला जन्मभर नीट सांभाळणं किंवा वेदना असह्य असतील तर पशुवैद्यकाने कठोर निर्णय घेणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. 'मोकळं आकाश' वगैरे शब्द आपल्या समाधानासाठी असतात.

मात्र जखमी पक्षी रूमवर ठेवून दूध-ब्रेड भरवणाऱ्या भूतदयावाल्यांना हात जोडून विनंती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घार संरक्षित आहे, ती आपण पाळायची नसते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी आमच्या गच्चीवरच्या टाकीला आणि मेसमागच्या पिंपळाला त्याची जाळी लटकते आहेच. पतंगाचा सीझन संपला तरी तो कापतच राहतो. रेक्टर सरांनी रविवारी सकाळी गच्चीची किल्ली दिली तर पाच-सहा जणांत दोन तासांचं काम आहे. पिंपळासाठी लांब काठी लागेल, ती सिव्हिलवाल्यांनी आणावी. कात्री माझ्याकडे आहे.