रेकॉर्डिंगचा बॉक्स घेताना

अम्मीची मालिका आणि अब्बांची क्रिकेट मॅच एकाच वेळी असेल, तर रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स घरातली कुरकुर थांबवतो. दुकानदार आधी जीबी सांगेल. तुम्ही आधी ट्यूनर किती, ते विचारा. दोन ट्यूनर असतील तर एक चॅनेल पाहता पाहता दुसरे रेकॉर्ड होते. एकच असेल तर बहुधा जे रेकॉर्ड होते तेच पाहावे लागते.

मग जागेचा हिशेब. एचडी चॅनेलला तासाला साधारण ३ ते ४ जीबी लागतात. म्हणजे ५०० जीबीत साधारण सव्वाशे ते एकशे पासष्ट तास मावतात.

काही बॉक्सना हार्ड डिस्क यूएसबीने बाहेरून जोडतात. ती बिघडली तर बदलता येते. पण बरेच बॉक्स जोडलेली डिस्क आधी पूर्ण पुसतात. लग्नाचे फोटो असलेली डिस्क चुकूनही लावू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे रेकॉर्डिंग कुलूपबंद असते. सहसा ते त्याच बॉक्सवर दिसते, पेन ड्राइव्हवर उतरवता येत नाही. मुलीचा टीव्हीवरचा कार्यक्रम जन्मभर जपायचा असेल, तर या बॉक्सच्या भरवशावर राहू नका. रिचार्ज संपल्यावर किंवा बॉक्स बदलल्यावर जुने रेकॉर्डिंग दिसेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारा.

आणि लोडशेडिंग असेल तर बॉक्स इन्व्हर्टरवर ठेवा. वीज गेली, की रेकॉर्डिंगही गेले!